होडीच्या शेडमधील वास आणि रक्ताचा अहवाल

प्रश्न : माझे यजमान गेली नऊ वर्षे झुवारीकाठच्या एका शेडमध्ये फायबरग्लासच्या होड्या बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतात. पावसाळ्यात संध्याकाळी त्यांचे डोके जड होते आणि जेवणावरची वासना उडते. खासगी प्रयोगशाळेच्या अहवालात रक्तातील ‘एकूण अँटिऑक्सिडंट’ (पेशींना अपायापासून वाचवणारी द्रव्ये) कमी दाखवले असून, त्यासाठी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेण्यास सांगितले आहे. गोळ्यांनी ही उणीव भरून निघेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, गोळ्यांच्या आधी शेडमधल्या हवेचा विचार करावा लागेल. रेझिनचा, म्हणजे फायबरग्लासवर लावायच्या चिकट द्रवाचा, जो उग्र, गोडसर वास यजमानांच्या कपड्यांना येत असेल, तो त्यातल्या स्टायरीन या रसायनाचा. श्वासावाटे आत गेलेल्या स्टायरीनचे यकृतात स्टायरीन ऑक्साइड होते. हे द्रव्य पेशींना अपायकारक असल्यामुळे शरीर त्याचा बराचसा भाग मँडेलिक आम्लात रूपांतरित करून लघवीवाटे बाहेर टाकते, तर काही भाग ग्लुटाथायोनशी जोडून निकामी करते. ग्लुटाथायोन हे शरीराने स्वतः तयार केलेले अँटिऑक्सिडंट आहे आणि रोजच्या संपर्कात ते खर्ची पडत राहते, त्यामुळे कामामुळे अशी उणीव येऊ शकते.

मात्र त्या एका आकड्यावर फार विसंबू नका. ‘एकूण अँटिऑक्सिडंट’ या मोजणीत मोठा वाटा युरिक आम्लाचा असतो, आणि ग्लुटाथायोन मुख्यतः पेशींच्या आत असल्यामुळे ते तिथे फारसे मोजलेच जात नाही. विडी, दारू, नुकताच येऊन गेलेला ताप, आहारातली उणीव यांनीही हा आकडा खाली येतो. उलट संपर्क चालू असतानाही तो ठीक दिसू शकतो. म्हणून अहवाल चांगला आला तरी निर्धास्त होऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. संपर्क किती झाला हे कळण्यासाठी कामाची पाळी संपताच घेतलेल्या लघवीतील मँडेलिक आणि स्टायरीनपासूनच बनणाऱ्या फिनाइलग्लायॉक्झिलिक आम्लांची मोजणी अधिक उपयोगी आहे. सोबत यकृताच्या तपासण्या कराव्यात, आणि रंग ओळखण्यात किंवा ऐकण्यात फरक पडला आहे का, तेही पाहावे.

गोळ्यांबाबत एक अनुभव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 साली आले, तेव्हा बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के अधिक आढळला आणि ई जीवनसत्त्वाने त्यापासून संरक्षण दिले नाही. आवळा, तांबडी भाजी, डाळी आणि मासळी जेवणात जरूर असावी, परंतु छातीत जाणारी वाफ त्यांनी अडत नाही.

त्रास पावसाळ्यातच वाढतो, हे तुम्ही लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात दुरुस्तीला होड्या रांगेने येतात आणि नेमकी तेव्हाच शेड पावसासाठी प्लॅस्टिकने चहूबाजूंनी बंद केलेली असते. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती होडीच्या पोटात साचते, आणि कामगार तिथेच वाकून रेझिन लावतो. वाफ खालच्या बाजूने ओढून बाहेर टाकणारा पंखा, रेझिनच्या डब्यांना झाकण आणि सेंद्रिय वाफेसाठीचे, वेळेवर बदललेले फिल्टर असलेला मुखवटा ही खरी गरज आहे. तोंडाला बांधलेल्या रुमालाने वाफ मुळीच थांबत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2018 मध्ये स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले आहे, तेव्हा हा प्रश्न केवळ डोकेदुखीपुरता राहत नाही.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात जोडलेल्या प्रकरणाने धोकादायक प्रक्रियेतील कामगाराला स्वतःच्या आरोग्याची नोंद पाहण्याचा हक्क दिला. मालकाशी बोलून उपयोग न झाल्यास पणजीत आल्तिनो येथील कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाकडे हवेच्या मोजणीची मागणी करता येईल. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जाताना रेझिनच्या डब्यावरील लेबलाचे छायाचित्र सोबत न्या, आणि रक्ताचा नमुना कोणत्या दिवशी, कामाच्या आधी की नंतर घेतला होता, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.