गावात सोलर कंपनी येतेय, तिच्या ‘बांधिलकी’वर कितपत विश्वास ठेवावा?

तुमच्या गावात गायरानावर आणि काही खासगी जमिनीवर सोलर प्रकल्प येतोय. कंपनी म्हणते, पर्यावरण आणि गाव दोन्ही सांभाळू. ते कितपत खरं मानायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते एकच गोष्ट आधी विचारा: ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्यांच्यासाठी काय करणार?

सातबारा असलेल्यांचं बऱ्यापैकी ठरलेलं असतं. शेतीपंपांना दिवसा सोलर वीज देण्याच्या राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, दरवर्षी 3 टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, असं 3 वर्षं अनुदान. शेतीपंपाला दिवसा वीज मिळून रात्री पिकाला पाणी द्यायला दारं धरणं सुटलं, तर तो फायदा फार मोठा आहे, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण हे सगळं सरकारी योजनेचं आहे. कंपनीने ते आपल्या बांधिलकीत मोजू नये.

कर्नाटकातल्या पावगडच्या सोलर पार्कचं उदाहरण बघा. 2050 मेगावॉट, जवळपास 13,000 एकर. जमीन विकत न घेता भाड्याने घेतली, सुरुवातीला एकरी वर्षाला 21,000 रुपये. दुष्काळी भागात शेतकऱ्याची मालकीही राहिली आणि खात्रीचे पैसेही आले. त्याच शेतांत राबणाऱ्या भूमिहीन मजुरांचं काम मात्र गेलं आणि भाड्यात त्यांचा वाटा नव्हता. पॅनेल धुणं, गवत काढणं, रखवाली ही कामं उरतात, पण ती मोजक्याच लोकांना पुरतात.

आमच्या भागात एका प्रकल्पाचं तारेचं कुंपण थेट पांदणीवर आलं. मेंढरांना ओढ्यावर न्यायला लांबचा वळसा पडू लागला. नकाशावर तिथे नुसती ‘पडीक जमीन’ होती. म्हणून कुंपणाची आखणी होण्याआधीच मेंढपाळांना सोबत घेऊन शिवारफेरी करा. पांदण, ओढा, पाण्याच्या जागा कंपनीच्या माणसाला दाखवा. पॅनेलखालचं गवत मारायला तणनाशक फवारण्यापेक्षा मेंढ्या आत सोडता येतात. शेळ्या नकोत, त्या पॅनेलवर चढतात. कंपनी याला तयार झाली, तर तिची नियत चांगली आहे असं मी समजेन.

पाण्याचंही विचारा. धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून पॅनेल पुन्हा पुन्हा धुवावे लागतात. ते पाणी गावच्या विहिरीतून येणार की बाहेरून? उन्हाळ्यात काय? कोरड्या ब्रशने सफाई करणारी यंत्रंही मिळतात.

फोटोव्होल्टाइक, म्हणजे पॅनेलवर थेट वीज बनवणाऱ्या सोलर प्रकल्पाला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे त्यातली जनसुनावणीही होत नाही. तुमची बोलायची जागा म्हणजे ग्रामसभा. आणि सीएसआरच्या, म्हणजे कंपनीने नफ्यातून सामाजिक कामांवर करायच्या खर्चाच्या, शब्दावर फार विसंबू नका. कायद्यातला नफ्याच्या 2 टक्क्यांचा नियम ठरावीक नफा, उलाढाल किंवा नक्त मालमत्तेच्या पुढच्या कंपन्यांनाच लागू होतो. एकेका प्रकल्पासाठी काढलेली छोटी कंपनी बऱ्याचदा त्यात बसतच नाही.

म्हणून जे कबूल होईल ते करारातच लिहून घ्या: पांदण खुली राहील, पाणी कुठून येईल, स्थानिकांना किती कामं, मुदत संपल्यावर पॅनेल आणि काँक्रीटचे पाये कोण उचलणार. करार इंग्रजीत असेल, तर मराठी प्रत हातात आल्याशिवाय कुणीही सही करू नये.