दुसरी पाळी अजून का सुरू झाली नाही?

वाचकांचे प्रश्न : उद्योग आणि अर्थकारण

प्रश्न : भोसरीत माझे दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) आणि तीन साध्या लेथचे वर्कशॉप आहे. दुचाकीच्या इंजिनाला लागणारे शाफ्ट आणि बुश आम्ही एका मोठ्या पुरवठादाराला करून देतो. २०१९ पर्यंत आमच्याकडे दोन पाळ्या चालत असत. करोनानंतर एकच चालते. अर्थव्यवस्था केव्हाच सावरली, असे मी दरवर्षी वाचतो. मग माझे काय चुकले? आणि आता कर्ज काढून व्हीएमसी (धातूचे भाग कोरणारे संगणकीकृत यंत्र) घ्यावे का?
— एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : आपले काही चुकले, असे पत्रावरून तरी दिसत नाही. ‘सावरली’ या एका शब्दात फार निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि त्यातली आपली गोष्ट बाहेरच राहते.

आधी देशाचा आकडा पाहू. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ जाहीर झाली, तेव्हा विक्रमी वाढीचे मथळे झळकले. मात्र शंभराचे ७६ झाले आणि त्यावर वीस टक्के चढवले, तर हिशेब ९१ वर येऊन थांबतो. शंभर काही होत नाहीत. मे २०२२ मध्ये संपूर्ण २०२१-२२ चे आकडे आले, तेव्हा उत्पादन २०१९-२० च्या तुलनेत जेमतेम दीड टक्का पुढे होते. दोन वर्षे धावून आपण जवळपास त्याच मैलाच्या दगडापाशी उभे होतो.

आता आपल्या धंद्याचा आकडा. २०१८-१९ मध्ये देशात सुमारे ३३.८ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या. करोनाच्या वर्षात ही विक्री २७ लाखांवर आली, २०२२-२३ मध्ये ३८.९ लाखांवर गेली आणि २०२४-२५ मध्ये ४३ लाखांवर पोहोचली. त्यातही युटिलिटी प्रकारच्या मोठ्या गाड्यांचा वाटा जवळपास दोन तृतीयांश झाला. दुचाकींची विक्री याच काळात २ कोटी १२ लाखांवरून २०२१-२२ मध्ये १ कोटी ३५ लाखांच्या आसपास घसरली, आणि २०२४-२५ मध्येही ती १ कोटी ९६ लाखांपर्यंतच चढली. म्हणजे चाकणला मोटारीचे सुटे भाग देणाऱ्या आपल्या शेजाऱ्याची दुसरी पाळी का सुरू झाली आणि आपली का झाली नाही, याचे बरेचसे उत्तर आपला शाफ्ट कोणत्या गाडीत बसतो, यातच आहे.

दुचाकी मागे का राहिली, याची कारणे करोनाच्या आधीपासून साचत होती. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घेणे सक्तीचे झाले, त्याच सुमारास वित्तसंस्थांच्या संकटामुळे कर्ज महागले आणि आटले, आणि १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ मानक लागू झाल्याने गाडीची किंमतही वाढली. अंगात कसर होतीच, त्यात हा मोठा आजार आला. त्यानंतर जो ग्राहक पन्नास-साठ हजारांची गाडी हप्त्यावर घेतो, त्याचीच कमाई सर्वांत उशिरा रुळावर आली. श्रमबळाच्या सरकारी पाहणीनुसार देशातील कामकऱ्यांपैकी शेतीत असणाऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाले आणि २०२३-२४ मध्येही ४६ टक्क्यांच्या आसपासच होते. शहरातून गावी गेलेले हात तेथेच राहिले, आणि चौघांच्या शेतात सहा जण राबू लागल्याने उत्पन्न वाढत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा मात्र खरा दिलासा आहे आणि त्याचा लाभ आपल्याकडे येणाऱ्या मागणीच्या शेड्यूलमध्ये दिसायला हवा.

व्हीएमसीविषयी विचाराल, तर केवळ आहे त्याच शाफ्टची संख्या वाढेल या आशेवर ते घेऊ नये. २०२४-२५ मध्ये सुमारे साडेअकरा लाख विजेच्या दुचाकी विकल्या गेल्या. एकूण विक्रीत हा वाटा अजून लहान असला, तरी त्या गाडीत इंजिनच नसल्यामुळे आपला शाफ्ट आणि बुश तेथे लागणार नाही. ब्रेक, सस्पेन्शन, चाकाचा हब हे भाग मात्र दोन्हीकडे लागतात, विजेच्या गाडीला मोटरचे हाउसिंगही लागते, आणि त्यातले हाउसिंग व हबसारखे काम व्हीएमसीवर होते. तेव्हा असे एखादे ड्रॉइंग हाती आले असेल, त्याचे नमुने मंजूर झाले असतील आणि यंत्राचा हप्ता एका पाळीच्या कामातून निघत असेल, तरच पुढे जावे. दुसरी पाळी गृहीत धरून हप्ता बसवणाऱ्यांचे काय होते, ते २०२० मध्ये आपण सर्वांनी पाहिले. त्या वर्षी जूनमध्ये मी तळवड्यातील एका शेडमध्ये गेलो होतो. कूलंट टाकीतच कुजून वास मारत होते, लेथच्या बेडवर गंजाची तांबूस साय धरली होती, आणि मालक चिंधीला तेल लावून ती पुसत असताना बँकेच्या संदेशाने फोन वाजत होता. हप्ते तहकूब होते, पण व्याज चढतच होते.

प्रश्न : कामे आहेत, पण पैसे नव्वद ते एकशेवीस दिवसांनी मिळतात. करोनाच्या काळात ‘तात्पुरती’ म्हणून वाढवलेली ही मुदत पुन्हा कमी झालीच नाही. कायदा यात काही मदत करतो का?
— फाउंड्री-मशीनिंग व्यवसायातील वाचक, शिरोली

उत्तर : कायदा आहे आणि कागदावर तो कडकही आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते. शिवाय २०२३-२४ पासून आयकर कायद्यात आलेल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातील कलम ४३ बी (एच)), अशी मुदत ओलांडलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खरेदीदाराला ती खर्च म्हणून दाखवता येत नाही. मात्र लघुउद्योग म्हणून आपली सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असली पाहिजे आणि तिचा क्रमांक बिलावर छापलेला असावा.

अडचण कायद्याच्या बाहेर आहे. ज्याच्याकडून ऐंशी टक्के काम येते, त्याच्याविरुद्ध थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करायला कोण धजेल? पाण्यात राहून माशाशी वैर नको, हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. म्हणून तक्रारीपेक्षा ‘ट्रेड्स’ या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचाचा मार्ग आधी चोखाळावा. तेथे खरेदीदाराने बिल मान्य केले, की बँक व्याजापोटी काही रक्कम कापून आपल्याला लगेच पैसे देते आणि वसुली खरेदीदाराकडून करते. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. आपले बिल तेथे मान्य करणे मात्र त्यांच्या मर्जीवर आहे, त्यामुळे पुढच्या दरवाटाघाटीत हीच अट घालून पाहावी. दर दोन पैशांनी कमी करून ४५ दिवस मिळत असतील, तरी ते परवडते का, हे कॅश क्रेडिटचे (बँकेच्या खेळत्या कर्जाचे) व्याज मांडून तपासावे. जीएसटी पुढच्याच महिन्यात भरावा लागतो आणि बिलाचे पैसे चौथ्या महिन्यात येतात. मधला कर आपणच बिनव्याजी उसना देत असतो, हेही त्या हिशेबात धरावे.

प्रश्न : २०२० मधील तारणाशिवायचे वीस टक्के जादा कर्ज अजून मिळते का?

उत्तर : नाही. आपत्कालीन पतहमीची ती योजना मार्च २०२३ अखेर बंद झाली. आता यंत्रखरेदीसाठी जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेली परस्पर पतहमी योजना आहे. तीत १०० कोटींपर्यंतच्या कर्जाला ६० टक्के हमी मिळते, मात्र प्रकल्पखर्चाचा किमान ७५ टक्के भाग यंत्रसामग्रीवर असावा लागतो. लहान कर्जासाठी सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या पतहमी न्यासाची हमी आहेच. ही हमी बँकेला असते, आपल्याला नव्हे. हप्ता थकला, तर बँकेची माणसे आपल्याच दारात येतील.