जादूच्या तलवारीचा भाव किती करू द्यावा?

प्रश्न: मी मित्रांसाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवतो (कल्पनेतल्या साहसाचा खेळ: खेळाडू एकेक पात्र होतात, दुकानदारासारखी बाकीची पात्रं मी होतो, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो). एक जण जादूच्या प्रत्येक वस्तूवर अर्धा अर्धा तास घासाघीस करतो, बाकीचे मोबाइल काढून बसतात. बंदी घालू का?

उत्तर: बंदी नको. २०१४च्या नियमांत ‘दुर्मिळ’ वस्तूची किंमत ५०१ ते ५,००० सोन्याची नाणी आहे. एवढी फट असल्यावर भाव होणारच. मी दुकानदाराची शेवटची किंमत आधीच कागदावर लिहून ठेवते. खेळाडूनं दोन-चार वाक्यं बोलायची, मग एकच फासा, विषय संपला. जखम भरणारं साधं औषध मात्र ५० नाण्यांनाच, तिथे भाव नाही.

आणि नाण्यांऐवजी काम मागून बघा: “शंभर कमी करतो, पण माझी पोती घाटापलीकडे पोचवा.” मला हा सौदा सगळ्यात आवडतो, कारण गप्प बसलेलेही लगेच तोंड उघडतात.

विकायचं असेल तर त्याच नियमांत आधी गिऱ्हाईक शोधावं लागतं, त्यात दिवस जातात, आणि फासा फारच वाईट पडला तर ते मूळ किमतीचा दहावा हिस्साच देऊ करतं. मित्राला हे आधीच सांगून ठेवा.