डिझेलच्या बचतीतून हप्ता फिटेल का?

ट्रकचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेकचे किट आणि त्यासोबत इंधन वाचवणारे उपकरण 3 वर्षांच्या कर्जावर घ्यावे का, असे आपण विचारले आहे. डिझेल 20 टक्के वाचेल आणि त्यातूनच हप्ता फिटेल, असे विक्रेत्याने आपल्याला सांगितले आहे. कर्ज घेऊ नये, हे माझे उत्तर आहे. परंतु पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिलेली गोष्ट मला अधिक गंभीर वाटते: मागच्या डाव्या चाकाचा ड्रम प्रत्येक फेरीत इतरांपेक्षा जास्त तापतो, आणि नवे किट येणारच म्हणून लायनरचे (ड्रमवर घासून चाक थांबवणाऱ्या अस्तराचे) काम आपण 4 महिने लांबवले आहे.

एकच ड्रम असा तापत असेल, तर बहुधा तेथील ब्रेक पूर्ण सुटत नाही. स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रम यांतील अंतर राखणारा भाग) जास्त आवळला गेला असेल, ब्रेक मागे खेचणारी रिटर्न स्प्रिंग सैल पडली असेल किंवा बेअरिंग खराब झाले असेल. कारण कोणतेही असले तरी त्या चाकाला ओढण्यात डिझेल वाया जाते आणि लांब उतारावर आधीच तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. लांबवलेल्या दुरुस्तीचा खर्च आपण बचतीत मांडला आहे, आणि ही या हिशेबातील सर्वांत मोठी चूक आहे. किटच्या आगाऊ रकमेसाठी ठेवलेल्या पैशांतून हे काम पुढच्या फेरीपूर्वी करून घ्यावे. ॲव्हरेज थोडे सुधारले, तर ते याच दुरुस्तीने सुधारेल.

आता कर्जाविषयी. महिन्याच्या डिझेलचा खर्च 100 धरला, तर आपण कळवलेला हप्ता 15 होतो. डिस्क ब्रेक उष्णता लवकर बाहेर टाकतात, हा त्यांचा खरा गुण आहे. पण चाक मोकळे फिरत असेल, तर ड्रमऐवजी डिस्क बसवल्याने डिझेलच्या खपात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी 100 हून अधिक उपकरणे तपासली, आणि लक्षणीय बचत करणारे त्यांत एकही आढळले नाही. टायरमधील योग्य हवा, आवरता वेग आणि उभ्या गाडीचे बंद इंजिन यांमुळे 5 वाचतील असे मानू, परंतु ते कर्जाशिवायही वाचतात. म्हणजे 36 हप्त्यांचे 540, सुमारे साडेपाच महिन्यांचे डिझेल, पूर्णपणे आपल्याच खिशातून जाईल.

सुरक्षेसाठी डिस्क हवेच असतील, तर पैसे साठवून, ट्रक बनवणाऱ्या कंपनीने मान्य केलेलेच किट घ्यावे, कारण एकाच ॲक्सलचे ब्रेक बदलल्यास पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल आणि एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) जुळणी बिघडू शकते. विमा कंपनीची लेखी संमती हाती येईपर्यंत विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नये.