स्ट्रएनकॉपीची वॉर्निंग दाबू नकोस, ती खरं बोलतेय

कॉलेजात आहेस म्हणून एकेरीच लिहितो. आंब्याच्या पेट्यांवर चिठ्ठ्या छापायच्या तुझ्या प्रोग्रॅममध्ये गावाचा रकाना 16 बाइटांचा आहे, आणि स्ट्रएनकॉपीला (strncpy, सी भाषेतलं मर्यादेपर्यंतच मजकूर कॉपी करणारं फंक्शन) मर्यादाही 16च दिली आहेस. जीसीसी हा कंपायलर वॉर्निंग देऊन ओरडतो की मर्यादा आणि जागा सारखीच आहे. मित्र सांगतो, सगळ्या वॉर्निंग्ज बंद करून टाक. तसं अजिबात करू नकोस.

हाच घोळ माझ्याकडून झालाय. आमच्या चिठ्ठीच्या प्रोग्रॅममध्येही गाव 16 बाइट आणि त्याला लागूनच बागायतदाराचा मोबाइल नंबर. देवगड, मालवण व्यवस्थित छापायचे. राजापूरची पेटी आली आणि चिठ्ठीवर उमटलं ‘राजाप’, पुढे एक चौकोन आणि त्याला चिकटून अख्खा नंबर. पेट्या तशाच वाशीला गेल्या.

हे का झालं ते मोजून बघ. यूटीएफ-8मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं अक्षर, काना, मात्रा, प्रत्येकाला 3 बाइट. देवगड 15, शेवटचा शून्य (मजकूर इथे संपला हे सांगणारा बाइट) धरून बरोबर 16. राजापूर 21. स्ट्रएनकॉपीने पहिले 16 घेतले, म्हणजे ‘राजाप’ आणि दीर्घ उकाराचा एक तुकडा. शून्याला जागाच उरली नाही, मग छापणारं फंक्शन प्रिंटएफ (printf) पुढच्या रकान्यात वाचत गेलं. हे फंक्शन मुळात जुन्या युनिक्समधल्या 14 बाइटांच्या फाइलनावांसारख्या ठरावीक मापाच्या रकान्यांसाठी होतं. तिथे शेवटी शून्य लागायचाच असं नव्हतं. ही वॉर्निंग जीसीसी 8मध्ये, 2018 साली आली. आधी आली असती तर माझ्या त्या चिठ्ठ्या वाचल्या असत्या.

मर्यादा एकने कमी करून शेवटी शून्य ठेवलास तर नंबर चिकटणार नाही, पण नाव तुटकंच राहील. त्यापेक्षा रकाना 64 बाइटांचा कर आणि एसएनप्रिंटएफ (snprintf) वापर, ते दिलेल्या जागेतच मजकूर लिहितं आणि शेवटी शून्य ठेवतं. फॉरमॅट ‘टक्के एस’च (%s, म्हणजे ‘इथे मजकूर घाल’) दे, गावाचं नाव थेट फॉरमॅटच्या जागी टाकू नकोस. त्याने परत दिलेला आकडा नक्की तपास: पूर्ण नावाला शून्य सोडून किती बाइट लागले असते, ते तो सांगतो. तो 64 किंवा जास्त असेल तर नाव कापलं गेलंय. तेव्हा चिठ्ठी छापूच नकोस, नाव पुन्हा विचार. आकडा ऋण आला तर तीही चूकच धर. कंपायलरची कापाकापीची वॉर्निंगही हा आकडा तपासला की सहसा जाते, आणि ती प्रामाणिकपणे गेलेली असते.

एक जागा सांभाळ. हा कोड वेगळ्या फंक्शनमध्ये नेलास आणि तिथे पॉइंटरवर (रकान्याचा नुसता पत्ता) माप सांगणारा साइझऑफ (sizeof) लावलास, तर 64ऐवजी 8 मिळतील, निदान आपल्या 64 बिटच्या मशीनवर. जागेचं माप वेगळा आर्ग्युमेंट म्हणून पाठव.

कंपाइल करताना वॉर्निंग्ज चालू करणाऱ्या डब्ल्यू-ऑलबरोबर (-Wall) ऑप्टिमायझेशनचा ओ-टूही (-O2) लाव, काही वॉर्निंग्ज ऑप्टिमायझेशन चालू असल्याशिवाय दिसतच नाहीत. मग वेंगुर्ला आणि सिंधुदुर्ग टाकून चिठ्ठी काढ. पहिलं 27 बाइट, दुसरं 30. दोन्ही अख्खी उमटली की 64पेक्षा लांब काहीतरी मुद्दाम टाक आणि प्रोग्रॅम नकार देतो का ते बघ.