आजीची हातमशीन जाम झाली आहे. दुरुस्त करावी की विकावी, आणि अशा जुन्या मशिनी जमवायच्या तर कशा निवडाव्यात?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. आजीच्या माळ्यावर लाकडी पेटीतली काळी हातमशीन सापडली, तिचे चाक हलत नाही आणि शेजारीपाजारी ती मोडीत द्यायला सांगतात, हा पहिला. आणि ती चालू झाली तर अशा आणखी दोन-चार मशिनी जमवाव्यात असे तुम्हाला वाटू लागले आहे, हा दुसरा. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहे, आणि माझ्या घरात आज सहा जुन्या मशिनी आहेत, त्यांपैकी पाचांवर मी अजूनही शिवते. तेव्हा पहिल्या भागाचे उत्तर लगेच देते: विकू नका. जाम झालेली मशीन बहुतेक वेळा बिघडलेली नसते. खरी काळजी चाकाची नसून दुसऱ्याच एका वस्तूची आहे, तिच्याकडे मी पुढे येते.

माझी पहिली मशीन सासूबाईंची. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. त्या गेल्यानंतर ती पेटी अकरा वर्षे धान्याच्या कोठीवर पडून होती आणि मी ती उघडली तेव्हा चाक तसूभरही हलेना. गावातल्या शिंपीदादांनी दोनदा जोर लावून पाहिला आणि "आतून गेली जी, कायले ठेवता," असे म्हणून ते मोकळे झाले. मी मात्र सुईची दांडी बोटाने चाचपून पाहिली, तर तिच्यावर मधाच्या रंगाचा, काचेसारखा कडक थर होता. नखाने खरवडल्यावर त्याचा पापुद्रा निघाला आणि त्याला जवसाच्या तेलाचा जुनाट वास येत होता. मग सगळा उलगडा झाला. आपल्या विदर्भात एके काळी घरोघरी जवसाचे तेल असे, आणि मशीन कुरकुरली की आत्याबाई स्वयंपाकघरातली तीच वाटी उचलत. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि शेवटी त्याची कातडी बनते; रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये ते वापरतात ते याच गुणामुळे. म्हणजे त्या माउलीने वर्षानुवर्षे मोठ्या मायेने मशीनच्या सांध्यांना वॉर्निश लावले होते. खोबरेल इतके वाईट नाही, पण तेही थंडीत थिजते आणि पुढे चिकट होऊन धूळ धरते. तुमच्या आजीच्या मशीनमध्येही असेच काही झाले असण्याची शक्यता मोठी आहे.

अशी मशीन सोडवण्यासाठी दुकानात मिळणारे पांढरे, पातळ मशीन ऑइल आणि भरपूर सबुरी एवढेच लागते. आधी मशीन लाकडी तळापासून वेगळी करावी, कारण पुढची क्रिया लोखंडाला मानवते, लाकडाला मानवत नाही. मग वरच्या प्रत्येक छिद्रात आणि मशीन आडवी करून खालच्या बाजूला जिथे जिथे धातूवर धातू फिरतो अशा प्रत्येक जागी दोन-दोन थेंब सोडावेत. शहरातले लोक या वेळी केस वाळवण्याचे यंत्र लावून सांधे गरम करतात. आपल्याला त्याची गरज नाही. मी आत्याबाईंची मशीन एप्रिलच्या उन्हात अंगणातल्या फरशीवर सकाळी अकरा ते दुपारी तीनपर्यंत ठेवत असे. काळे लोखंड इतके तापे की फडक्याशिवाय हात लावता येत नसे, आणि त्या उष्णतेने घट्ट झालेला थर मऊ पडून नवे तेल आत उतरे. संध्याकाळी पुन्हा तेल द्यायचे आणि चाक हाताने पुढे-मागे, अगदी हलकेच, दाबून पाहायचे. चार दिवस काहीच झाले नाही. पाचव्या दिवशी चाक सुतभर सरकले, आणि त्याच आठवड्यात ते पूर्ण फिरले. या काळात हातोडी, पाना किंवा घरातल्या तरण्या मुलाची ताकद यांपैकी काहीही चाकावर वापरू नये. शटलखाली, म्हणजे खालचा दोरा वाहून नेणाऱ्या भागाखाली, आणि चाकाच्या मागच्या सांध्यात जुना दोरा गुंडाळून बसलेला असतो, तोही चिमट्याने काढावा. कित्येकदा सगळी अडचण तेवढीच असते.

अनेक जण राकेल वापरा असे सांगतील. राकेलाने जुना चिकटा सुटतो हे खरे, पण त्याने वंगण होत नाही, म्हणून ते वापरलेच तर पुसून काढून वर मशीन ऑइल द्यावेच लागते. मशीनच्या अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीला मात्र राकेल लागू देऊ नये, आणि स्पिरिट किंवा थिनर तर तिच्या जवळपासही नेऊ नये. तिच्यावर लाखेचा थर असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो आणि नक्षी फडक्यावर उतरते.

आता त्या दुसऱ्या वस्तूकडे येते. आपल्याकडे जुन्या घरांतून निघणाऱ्या छोट्या हातमशिनींमध्ये सिंगर कंपनीची २८ क्रमांकाची मशीन पुष्कळदा असते. तिच्यात आजच्यासारखी गोल बॉबिन आणि डबी नसते. सुईच्या डाव्या हाताला दोन चकचकीत सरकत्या पट्ट्या असतात. पुढची पट्टी सरकवली की आत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, एका टोकाला निमुळते, करंगळीच्या दोन पेरांएवढे शटल दिसते आणि त्याच्या पोटात दोन्ही टोकांना चकती असलेली लांब, काडीसारखी बॉबिन असते. चाक फिरू लागले की हे शटल घड्याळाच्या लंबकासारखे कमानीत मागे-पुढे झुलते आणि सुईने केलेल्या दोऱ्याच्या फासातून पार होऊन टाका बांधते. हे शटल नसेल तर मशीन कितीही गुळगुळीत फिरो, ती केवळ शोभेची वस्तू आहे.

मी हे ठेच लागल्यावर शिकले. दुसरी मशीन मी एका आठवडी बाजारात भंगाराच्या ढिगातून नऊशे रुपयांना उचलली. नक्षी जशीच्या तशी, चाक लोण्यासारखे, लाकडी कमानदार झाकणाची किल्लीसुद्धा जागेवर. त्या आनंदात मी पट्टी सरकवून पाहिलीच नाही. घरी येऊन पाहते तो आत शटल नव्हते. विकणाऱ्याला त्याची कल्पनाही नसावी, चूक माझीच. पुढे चौदा महिने मी शटल शोधत होते. शेवटी ते मिळाले एका मोडक्या पायमशीनमध्ये, कारण २७ क्रमांकाची मोठी मशीन आणि २८ क्रमांकाची लहान मशीन यांचे शटल आणि बॉबिन एकच असते. हे मला आधी ठाऊक असते तर मी वर्षभर फक्त लहान मशिनी उचकटत बसले नसते. म्हणून माझा क्रम असा ठरला आहे: आधी शटल आणि बॉबिन, मग सरकत्या पट्ट्या, मग हँडलचे दाते, आणि चाक फिरते की नाही ते सर्वांत शेवटी. विकणारा नेमका उलट क्रमाने दाखवतो.

जमवायच्या तर कोणत्या, याबद्दल माझे मत थोडे रूक्ष आहे. दुसरी मशीन देशी घ्यावी. उषा आणि तिच्यासारख्या काळ्या घरगुती मशिनी सिंगरच्या १५ क्रमांकाच्या रचनेवर बेतलेल्या आहेत. त्यांच्या बॉबिन, डब्या, सुया, स्प्रिंगा तालुक्याच्या गावी कोणत्याही शिवणसाहित्याच्या दुकानात मिळतात, कारण लुधियानात हे सुटे भाग आजही तयार होतात. अशा मशीनला हँडल लावले की ती हातमशीन होते. संग्राहकांना हिचे अप्रूप नसते, पण ती उघडून, जोडून, बिघडवून शिकायला तिच्यासारखी गुरू नाही. तिसरी म्हणून सिंगरची ९९ क्रमांकाची घ्यावी. ६६ क्रमांकाच्या मशीनचे हे लहान रूप. तिची गोल बॉबिन सुईजवळच्या खाचेत वरूनच टाकायची असते आणि टाका फार नेटका येतो. मात्र ती लहान दिसते म्हणून एका हाताने उचलायला जाऊ नका, जुनी असेल तर तिचे सगळे अंग बिडाचे असते.

खरोखर हलकी म्हणावी अशी सिंगर २२१, जिला फेदरवेट म्हणतात. ती १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचे अंग ॲल्युमिनियमचे असून वजन सुमारे पाच किलो भरते. ती विजेवर चालते, आणि येथेच माझी दुसरी ठेच आहे. भाच्याने ती मला अमेरिकेहून आणून दिली आणि मी उत्साहाच्या भरात तिची पिन बदलून सरळ घरातल्या बोर्डात लावली. तिची मोटर ११० व्होल्टची होती, आपली वीज २३० व्होल्टची. पायपट्टी दाबताच मशीन किंचाळल्यासारखी धावली, जळक्या लाखेचा वास आला आणि खेळ आटोपला. माझ्या सहांपैकी न चालणारी ती हीच. मोटरवरची छोटी पट्टी वाचायला मला अर्धे मिनिट लागले असते. स्कॉटलंडमध्ये बनलेल्या या मशिनींच्या मॉडेल क्रमांकानंतर के हे अक्षर असते आणि त्यांच्या मोटरी बहुधा आपल्या विजेला चालतात, तरीही पट्टी वाचल्याशिवाय पिन लावू नये.

के हे अक्षर क्लाइडबँक येथील किलबोवी कारखान्याचे. तुमची मशीन सिंगरची असेल तर तिच्या तळावर उजव्या बाजूला अनुक्रमांक कोरलेला असेल: फक्त आकडे असतील तर ती १९०० पूर्वीची, आकड्यांच्या आधी एक-दोन अक्षरे असतील तर त्यानंतरची. या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत, पण त्यांतली तारीख क्रमांकांचा गट कारखान्याला दिल्याची असते, मशीन तयार झाल्याची नव्हे. वय कळले म्हणून किंमत मात्र फुगवू नका. एकट्या क्लाइडबँकच्या कारखान्याने १९१३ या एका वर्षात दहा लाखांहून अधिक मशिनी बनवल्या, त्यामुळे शंभर वर्षांची मशीन दुर्मीळ असतेच असे नाही. जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो आणि तिचे लाखो रुपये येतात असे सांगणारा कोणी दारात आला तर त्याला चहाही विचारू नका. २००९ साली सौदी अरेबियात ही अफवा पसरली तेव्हा लोकांनी जुन्या मशिनींसाठी वेड्यासारखे पैसे मोजले होते. मशीनमध्ये असा कोणताही पदार्थ नसतो.

आमच्या वर्धा जिल्ह्यात हा विषय निघाला की कोणीतरी गांधीजींची आठवण काढतेच. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली 'यंग इंडिया'त छापलेल्या एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले होते. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते घडवले, असे त्यांनी म्हटले होते. आयझॅक सिंगरचे खरे चरित्र वाचले तर ही गोष्ट टिकत नाही. त्याने १८५१ साली पेटंट घेतले ते धंद्यासाठी, आणि त्याचा संसार एका घरात मावणारा नव्हता. तरीही यंत्राबद्दल गांधीजी म्हणाले ते मला पटते.

आपल्या हवेत मशीन सांभाळण्याची रीत थोडी वेगळी आहे. मे महिन्याच्या कोरड्या झळांनी लाकडी झाकणाचे सांधे उकलतात, म्हणून पेटी पत्र्याच्या छपराखाली किंवा माळ्यावर ठेवू नये. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, आत ओल धरून पट्ट्यांवर गंज चढतो. जुने सुती लुगडे पुरते. पऱ्हाटी वेचण्याच्या दिवसांत घरभर उडणारा कापसाचा तंतू कापड सरकवणाऱ्या दात्यांखाली नमद्यासारखा बसतो, तो ब्रशने काढावा. दसऱ्याला मशीनची पूजा मीही करते, पण कुंकू हँडलच्या लाकडी मुठीला लावते. तेलाच्या छिद्रात गेलेले कुंकू काढायला मला एकदा अख्खी दुपार लागली होती.

तेव्हा आज एवढेच करा: पुढची पट्टी सरकवून शटल आहे का ते पाहा आणि असेल तर ते बॉबिनसह एका डबीत वेगळे जपून ठेवा. मग तेल आणि ऊन. चाक मोकळे झाले की १६ नंबरची नवी सुई लावा. सुई कोणत्या बाजूने ओवायची याची खूण अशी की दोरा सुईत जाण्याआधी शेवटची कडी ज्या बाजूला असते त्याच बाजूने तो ओवायचा आणि सुईची सपाट बाजू तिच्या विरुद्ध ठेवायची. पहिली शिवण जुन्या सुती धोतराच्या दुहेरी घडीवर घाला. हँडलच्या एका फेऱ्यात साधारण तीन टाके पडतात आणि कापड फक्त डाव्या हाताने सांभाळायचे असते, त्यामुळे सुरुवातीला शिवण नागमोडी जाईल. मशीनमध्ये दोष आहे असे समजून लगेच स्क्रू फिरवू नका.