‘सर्व्हरवर लक्ष ठेवते’ म्हणजे नेमकं काय करते?

पत्र : मॅडम, नमस्कार. मी बार्शीचा, पोस्टातून निवृत्त झालोय. मुलीचा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा झालाय, ७१ टक्के. दहावीला ८९ होते, म्हणजे कुवत आहे. गेले दहा महिने रबाळ्याला एका डेटा सेंटरमध्ये नोकरी करते, त्यात निम्मा महिना नाइट शिफ्ट. काम काय, तर सर्व्हरवर लक्ष ठेवायचं. नातेवाइकांनी विचारलं की सांगताना कसंतरी होतं. ही तर वॉचमनचीच नोकरी झाली. आम्ही तिला राजीनामा द्यायला सांगितलंय. पुण्यातल्या एका क्लासचा सहा महिन्यांचा एआयचा कोर्स बघून ठेवलाय, फी १ लाख ८० हजार, ३० तारखेच्या आत भरायची आहे. हार्डवेअरमध्ये आता काय राहिलंय? सगळं क्लाउडवर गेलं. पण ती ऐकत नाही, रडते. परवा फोनवर कुठल्याशा पंख्याबद्दल वीस मिनिटं सांगत बसली, म्हणे तो बंद पडायच्या आधीच हिला कळलं होतं. शेवटी मी फोन तिच्या आईकडे दिला. कृपया तिला समजावून सांगा.

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ‘आम्ही ठरवलंय, आम्ही सांगितलंय, आम्ही बघून ठेवलंय’ असं सगळं आहे त्यात. तिचे टक्के आहेत, कोर्सची फी आहे, नातेवाईक काय म्हणतील तेही आहे. ती दिवसभर, खरं तर रात्रभर, काय करते हे मात्र शेवटच्या तीन ओळींत आलंय, आणि तेही तक्रार म्हणून. माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रात कामाच्या ओळी त्या तीनच. म्हणून तिला समजावण्याआधी मला तुमच्याशी बोलायचंय.

तो पंखा काय प्रकार आहे ते सांगते.

सर्व्हर म्हणजे कपाटात एकावर एक रचलेली चपटी यंत्रं. प्रत्येकात पाच-सहा छोटे पंखे असतात, मिनिटाला काही हजार फेरे घेणारे. आता एक पंखा थकायला लागला, तर लगेच काहीच बिघडत नाही. बाकीचे पंखे आपोआप जोरात फिरायला लागतात आणि प्रोसेसरचं तापमान होतं तेवढंच राहतं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. त्या पंख्याचे फेरे ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली गेले की मगच इशारा वाजतो. तुमच्या मुलीला ते आधी कळलं, याचा अर्थ ती इशाऱ्याची वाट बघत बसली नव्हती. तिने आकडे वाचले, कालचे आजच्या शेजारी ठेवले, एक पंखा मागे पडतोय आणि बाकीचे त्याचा भार उचलतायत हे ओळखलं. दहा महिन्यांच्या अनुभवावर हे करणारी मुलगी वॉचमन नाही हो. नाडी बघून ताप येणार हे सांगणारा जुना वैद्य आठवा, त्या जातीचं काम आहे हे.

आणि हे आकडे तिला दिसतात कुठून, हेही ऐकाच. जवळपास प्रत्येक सर्व्हरच्या मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवर, एक दुसरा, अगदी लहानसा संगणक बसवलेला असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर म्हणतात, बोलताना नुसतं बीएमसी. (मुंबईत बीएमसी म्हटलं की महापालिका आठवते, ही ती नव्हे.) त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, बहुतेक वेळा नेटवर्कचं स्वतःचं वेगळं पोर्ट. मुख्य सर्व्हर शटडाउन केलेला असो, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम कोसळलेली असो, विजेची पिन लावलेली आहे तोवर हा जागा असतो. तापमान, व्होल्टेज, पंख्यांचे फेरे, पॉवर सप्लायची तब्येत हे सगळं तो मोजतो आणि काही बिनसलं की वेळेसकट नोंदवहीत टिपून ठेवतो. शेकडो किलोमीटरवरून सर्व्हर चालू-बंद करता येतो तोही याच्याच हातून.

पूर्वी प्रत्येक कंपनीची याची तऱ्हा वेगळी होती. एका कंपनीच्या यंत्राशी बोलायची भाषा दुसरीच्या यंत्राला कळायची नाही. १९९८ मध्ये इंटेल, ह्युलेट-पॅकार्ड, एनईसी आणि डेल या चार कंपन्यांनी मिळून एक सामाईक भाषा ठरवली, आयपीएमआय. २००४ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि जगभरातल्या सर्व्हर रूम त्यावर चालल्या. मग २०१५ मध्ये डीएमटीएफ या संस्थेने रेडफिश नावाचं नवं मानक आणलं. ते वेबच्या ओळखीच्या पद्धतीने बोलतं, म्हणजे ब्राउझर ज्या रस्त्याने संकेतस्थळ उघडतो त्याच रस्त्याने तुम्ही सर्व्हरला ‘तुझं तापमान किती?’ असं विचारू शकता, आणि तेही प्रोग्रॅम लिहून, एकदम हजार यंत्रांना. तुमची मुलगी या बदलाच्या ऐन मध्यात उभी आहे. जुनं अजून गेलेलं नाही, नवं पुरतं रुजलेलं नाही. दोन्ही येणारी माणसं लागतात, आणि ती क्लासमध्ये तयार होत नाहीत.

मला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं असं नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका डिप्लोमाच्या मुलाला मी सरळ म्हटलं होतं, “हार्डवेअरचं सोड, त्यात पुढे काही नाही.” त्याने ऐकलं नाही. दोन वर्षांनी तोच मला महापे एमआयडीसीतल्या त्याच्या कामाच्या जागी घेऊन गेला. काचेपलीकडे थंडगार हॉल, पंख्यांचा इतका आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. एका यंत्रावर पिवळा दिवा लुकलुकत होता. त्याने लॅपटॉपवर एक ओळ टाइप केली आणि त्या यंत्राची नोंदवही उघडली. पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी पॉवर सप्लाय क्रमांक दोन गेला, ३ वाजून १२ मिनिटांनीच क्रमांक एकने सगळा भार घेतला. मशीन क्षणभरही बंद पडलं नव्हतं. “मॅडम, हे मशीन बोलतं. कुणी विचारायला पाहिजे,” एवढंच तो म्हणाला. त्यानंतर मी कुठल्याही मुलाला कामाची जागा न बघता ‘सोड’ म्हटलेलं नाही.

आता तुमचं ‘सगळं क्लाउडवर गेलं’. हा गैरसमज मी दर आठवड्याला ऐकते आणि प्रत्येक वेळी मला तो खोडावासा वाटतो. क्लाउड म्हणजे आकाशात काही नाही. दुसऱ्याच्या इमारतीतले, भाड्याने घेतलेले सर्व्हर म्हणजे क्लाउड. ती इमारत रबाळ्याला आहे, ऐरोलीला आहे, महाप्याला आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून मुंबई-नवी मुंबईत डेटा सेंटर इतकी दाटलीयत. तुमच्या फोनमधले फोटो, बँकेचे व्यवहार यांसारखं कितीतरी काही अशाच एखाद्या इमारतीत ठेवलेलं असतं. आणि ज्या एआयसाठी तुम्ही तिला तिथून काढताय, ते एआय तरी कशावर चालतं? आठ जीपीयू (एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप) असलेला एनव्हिडिया कंपनीचा डीजीएक्स एच१०० हा एकच सर्व्हर १०.२ किलोवॉटपर्यंत वीज ओढतो. घरातले सहा-सात एसी एका खोक्यात कोंबल्यासारखं. ती सगळी वीज शेवटी उष्णता होते. तिथे एक पंखा हळू झाला तर काय होईल, हे ओळखणारं माणूस एआय आल्यावर जास्त लागणार की कमी, तुम्हीच सांगा.

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही स्पष्ट सांगते, कारण तुमची काळजी सगळीच चुकीची नाही. या नोकरीत अडकून पडणारी मुलं मी बघितलीयत. पाच वर्षं नुसत्या डिस्क बदलायच्या, बिघाडाची नोंद, म्हणजे ‘तिकीट’, करायची, वरच्याला फोन करायचा. तसं झालं तर सहाव्या वर्षीही पगार जवळपास तिथेच असतो. तेव्हा तिला विचारा, तू कंपनीच्या पगारपत्रकावर आहेस की ठेकेदाराच्या? तुला नुसता स्क्रीन बघायला देतात की हात घालू देतात? उत्तर ‘ठेकेदार’ आणि ‘नुसता स्क्रीन’ असं असेल, तर वर्ष भरल्यावर तिने ही कंपनी जरूर बदलावी. पण कंपनी बदलावी, काम नाही.

नाइट शिफ्टचंही तसंच. बार्शीत बसून मुलगी रात्री दोनला कुठे असेल या विचाराने झोप लागत नसेल, हे मी समजू शकते. पत्रात तुम्ही ते लिहिलं नाहीत, नातेवाइकांचं लिहिलंत. मला वाटतं, खरी काळजी हीच आहे. तर, राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची, विश्रांतीच्या खोलीची, ने-आण करण्याची सोय मालकाने करायची असते. गाडी दारापर्यंत येते का, गाडीत कोण असतं, हे बाप म्हणून बिनधास्त विचारा. तो तुमचा हक्कच आहे. तिच्या राजीनाम्याचा कागद मात्र तुमचा नाही.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात. डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला गुणांवर प्रवेश मिळतो, तो रस्ता तुम्हाला माहीत असेलच. मी तो नोकरी सोडून घ्यायला सांगणार नाही. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेने, नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेतल्या वेगळ्या तुकड्यांना परवानगी दिलेली आहे, त्याला साधारण वर्षभराचा अनुभव लागतो. तिचे दहा महिने झालेत, म्हणजे दोनच उरले. बाकीच्या अटी यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघा. पदवीनंतर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा एम्बेडेड सिस्टीम डिझाइनचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. पुण्याच्या सी-डॅकने रुद्र नावाचा सर्व्हर आपल्याकडे घडवलाय, आणि २०२४ च्या सप्टेंबरात राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी एक पुणे जिल्ह्यातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी बसवलाय. सर्व्हर वापरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, घडवणारे आता कुठे तयार व्हायला लागलेत.

हा पुढचा भाग तिला वाचायला द्या.

बाळा, तुझ्या हातात जे आहे ते वरवर शिकू नकोस. लिनक्स पक्कं कर, पायथॉन शीक आणि रेडफिशचं मानक मुळातून वाच. सरावाला सर्व्हर लागत नाही. डीएमटीएफनेच नकली सर्व्हरचं सॉफ्टवेअर मोफत ठेवलंय, ते लॅपटॉपवर चालतं. कामावरच्या, ग्राहकाच्या यंत्रावर प्रयोग कधीही करायचा नाही, कुणी आग्रह केला तरी नाही. त्या पंख्याचं तू जे मनाने ओळखलंस, तेच ओळखणारी चाळीस-पन्नास ओळींची स्क्रिप्ट लिही. सगळ्या पंख्यांचे फेरे दर पाच मिनिटांनी घ्यायचे, मागच्या आठवड्याशी ताडून बघायचे, घसरण दिसली की सांगायचं. ती आधी घरच्या लॅपटॉपवर चालव, मग वरिष्ठांना दाखव. ते वापरायला तयार झाले तर तुझं काम बदललंच म्हणून समज.

त्याच्या पुढची पायरी ओपनबीएमसी. त्या लहान संगणकावर चालणारं हे खुलं सॉफ्टवेअर २०१८ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. सी++ येत असेल तर त्यातली एखादी बारीक चूक दुरुस्त करून पाठव. पदवी नसली तरी ते काम तुझ्या नावावर सगळ्यांना दिसतं.

आणि सुरक्षा. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीतला दोष तुला माहीत असायला हवा. लॉगिन पुरं व्हायच्या आधीच, नुसतं वापरकर्त्याचं नाव बरोबर असलं तरी सर्व्हर पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेला ठसा, समोरच्याच्या हातात ठेवतो, आणि तो घरी नेऊन निवांत फोडता येतो. २०१३ मध्ये याचा मोठा गवगवा झाला. दोष कुठल्या एका कंपनीच्या मालात नाही, मानकातच आहे, त्यामुळे पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, लावून जात नाही. बीएमसीचं नेटवर्क बाकीच्यांपासून वेगळं ठेवणं आणि ते इंटरनेटवर कधीही उघडं न टाकणं, हाच उपाय. तुमच्याकडे ते तसं आहे का, हे वरिष्ठांना नम्रपणे विचार. या प्रश्नावरून चांगला वरिष्ठ तुला लक्षात ठेवेल.

आता पुन्हा तुमच्याशी. ३० तारीख जाऊ द्या. सहा महिन्यांत एआय शिकवतो म्हणणाऱ्या क्लासला १ लाख ८० हजार देऊ नका. ते पैसे बी.ई.च्या फीसाठी बँकेत ठेवा. गेल्या काही महिन्यांत तिच्याशी झालेल्या भांडणांत तुम्ही ‘वॉचमन’ हा शब्द तिच्यासमोर वापरला असेल, तर तो शब्द मागे घ्या, तोंडाने, तिला ऐकू जाईल असा. ती रडते असं तुम्ही लिहिलंय. नोकरी जाईल म्हणून ती रडत नसणार. जे जमलं ते घरी सांगायला फोन केला आणि पलीकडून बाबांचा आवाजच गेला, हे तिला लागलंय.

तिच्या पुढच्या सुट्टीला तुम्ही नवी मुंबईला जा. आत सोडणार नाहीत, तरी इमारत बाहेरून बघा, तिची खोली बघा, रात्रीची गाडी कुठे थांबते ते बघा. आणि जेवायला बसलात की त्या पंख्याचं पहिल्यापासून विचारा. तिने बदलला की दुसऱ्या कुणी, चालू मशीनमध्येच बदलला का, नोंदवहीत काय आलं होतं. वीस मिनिटं लागतील.